धाकटीचं एक्सचेंज

वाचनालयाच्या वरच्या खोलीत गावाचा इतिहास एका मोठ्या कापडावर, चौकोना-चौकोनांत सुईदोऱ्यानं भरायचं ठरलं, तेव्हा थोरलीला वाटलं, आता आपल्याशिवाय यांचं पान हलणार नाही. तीस वर्षं ती शिवणकाम करत होती. अर्ध्या गावाची मापं तिला तोंडपाठ. पण भरतकामाच्या बाईंनी नियम काढला, "ज्यानं जे पाहिलं, त्यानं ते भरायचं." जुन्या टेलिफोन एक्सचेंजचा मधला चौकोन गेला तिच्या धाकट्या जावेकडे. ती तिथे अकरा वर्षं ऑपरेटर होती, आणि साधं बटण लावतानाही तिला घाम फुटायचा.

थोरलीच्या वाट्याला आली किनार.

"किनार तुमच्याइतकी कुणाला जमणार?" बाई म्हणाल्या. थोरली हसली, आतून नुसती धुमसत होती.

त्यात धाकटी बोलकी. फोनवर कोण कुणाशी कसं भांडायचं, याच्या नकला सुरू झाल्या की बायका सुया टाकून तिच्याभोवती गोळा व्हायच्या. किनारीकडे कुणी ढुंकून बघेना.

एकदा धाकटी कापड ताणलेली भरतकामाची रिंग घेऊन आली. "ताई, साखळी टाका सैल पडतोय. काय करू?"

"दोरा ओढ. चांगला करकचून," थोरलीनं मान वर न करता सांगितलं.

आठवड्याभरात कापडाला अशा चुण्या पडल्या की भरलेल्या ऑपरेटर बायकांची तोंडं वाकडी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला. "माझाच हात जड," धाकटी एवढंच म्हणाली. चौकोन उसवून थोरलीकडे आला.

मनासारखं झालं खरं, पण एक्सचेंज आतून तिनं कधी बघितलंच नव्हतं. झक मारत धाकटीला शेजारी बसवावं लागलं.

"खुर्च्या किती?"

"चार. एकीचा पाय मोडका. नवी आली की तिला तिथेच बसवायचो."

बायका पुन्हा जमल्या आणि पुन्हा धाकटीचंच ऐकत बसल्या.

चौकोन पुरा झाला त्या दुपारी थोरलीला राहवेना. "दोरा ओढायला मीच सांगितलं होतं. मुद्दाम."

"माहीत आहे मला."

"मग ओढलास कशाला?"

"माझ्या एकटीनं ते व्हायचं नव्हतं, ताई. आणि नुसतं मागितलं असतं, तर तुम्ही हात लावला असता?"

थोरलीला लाज वाटली. त्याहून जास्त वाटला हेवा. मनाच्या मोठेपणातही हीच पुढे!

किनारीसकट सगळं कापड भिंतीवर लागलं. मधल्या चौकोनाखालच्या चिठ्ठीवर दोघींची नावं होती, धाकटीचं आधी. थोरलीनं ती दोनदा वाचली.

"आडनाव तर एकच आहे म्हणा," ती पुटपुटली आणि चष्मा पुसत किनारीपाशी जाऊन उभी राहिली.