डोळे माझे, अर्ज तुमचा

म्हसळ्यात तहसील कचेरीबाहेर प्रांजलीताई लोकांचे अर्ज भरून देतात. 'लिंग' हा रकाना आला की त्यांची जीभ अडते. त्यालाच उर्दूवाले 'जिन्स' म्हणतात, गुजराती शेठ 'जाति', कॉलेजची पोरं 'जेंडर'. ते तिन्ही शब्द ताई बिनधास्त उच्चारतात. मराठीतला मात्र, ज्याने अर्जात घातला त्याने चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या चष्म्यावरून एकदा बघायच्या आणि मुकाट्याने स्त्री किंवा पुरुष अशी खूण करायच्या. बारा वर्षं हेच चाललं.

परवा हिरव्या साडीतली चांदणी समोर बसली. कपाळाला मोठं कुंकू, आवाज भारदस्त. ताईंनी दोनदा बघितलं. शेवटी रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिहू?"

चांदणी हसली. "तृतीयपंथी. आजवर सगळ्यांनी नुसतं बघूनच भरलं. विचारलंत ते तुम्हीच."

तेव्हापासून ताई प्रत्येकाला विचारतात. काल मिशीला पीळ देत दयारामदादा भडकले, "दिसत न्हाय का तुला?"

"दिसतंय की," ताई म्हणाल्या. "पण दादा, डोळे माझे आहेत, अर्ज तुमचा."