आता बसा

लालबागला एका मालवणी मेकॅनिकचं छोटं गॅरेज होतं. माझ्या टॅक्सीचं मागचं दार आतून उघडेनासं झालं की मी त्याच्याकडेच जाई. दुरुस्ती झाली की तो स्वतः आत बसायचा, दार ओढून घ्यायचा आणि डोळे मिटून, हँडल चाचपत तीनदा उघडून बघायचा. "काळोखात हाताक गावाक व्हया," म्हणायचा; अंधारातही हँडल हाताला सापडायला हवं. मग उतरून मला सांगायचा, "आता बसा."

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात आम्हा दोघांना एकाच पोलीस गाडीत कोंबलं. आम्ही घसा फाटेस्तोवर घोषणा देत होतो आणि हा दार चाचपत बसलेला. मला त्याचा रागच आला. जाळीतून त्याने मागच्या पायरीवरच्या हवालदाराला हाक मारली, "साहेब, ह्येका आतून कडी नाय. आग लागली तर माणसां भायर कशी येतली?"

"अरे, कैद्यांची गाडी आहे ही," हवालदार हसला. मग आत दाटीवाटीने बसलेल्या आमच्याकडे त्याची नजर गेली. त्याने बाहेरची कडी काढली आणि दार नुसतं लोटून ठेवलं.

परळला गाडी थांबली आणि हवालदार पायरीवरून उतरून पुढे गेला, तेव्हा याने दार ढकलून पाहिलं. उघडलं. समोर लालबागकडे जाणारा ओळखीचा रस्ता होता. क्षणभर त्याने तो बघितला, दार पुन्हा ओढून घेतलं आणि आम्हाला म्हणाला, "आता बसा."