कुत्र्याला सांगितलं, आप्पांनी ऐकलं

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी कुत्र्यांचा मास्तर व्हायचं ठरवलं आणि त्यापायी माझे वडील हरवले.

(कुत्रं नाही हरवलं. कुत्रं स्कूटरवर बसून ऐटीत घरी आलं.)

झालं असं की कोल्हापूरच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री बंद पडली. उभी हयात लोखंड वितळवण्यात गेलेली. दुसरं काही येत नव्हतं. त्यात कुणीतरी सांगितलं, नागाळा पार्कातल्या बंगल्याबंगल्यांत कुत्री आहेत, पण त्यांना वळण लावायला माणूस मिळत नाही. मला वाटलं, हे जमेल. माझ्या पोराला वळण लागलं नव्हतं हे खरं, पण पोराच्या गळ्यात पट्टा नव्हता ना!

कळंब्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर मुजावर सरांचा क्लास चालायचा. सर लष्करातून निवृत्त झालेले, तिथं श्वानपथकात होते. बोलणं असं, की कुत्र्याच्या आधी आम्हीच बसायचो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमचं कुत्रं घिऊन या. ज्याचं त्यानं शिकवायचं." माझ्याकडं कुठलं कुत्रं? शिरोळच्या मेव्हण्यानं आनंदानं त्याचा लॅब्राडोर पाठवून दिला. नाव शेरू. "राखणीला ठेवलं तर उसात जाऊन झोपतंय भाऊजी, तुमीच बगा त्याचं काय करायचं ते," असा निरोप सोबत.

आता आप्पांचं सांगतो. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर शाळेत पी.टी.चे मास्तर होते. त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की शेजारच्या वर्गातली पोरं बाईंसकट उभी राहायची. पण अलीकडं त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरले, मग वार विसरले, मग मला. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. पोरगा शिकायला हॉस्टेलवर. बायको, सुजाता, दवाखान्यात नर्स. घर तिच्या पगारावर चाललेलं. तेव्हा दिवसभर घरात आम्ही तिघंच. मी, शेरू आणि आप्पा.

एका सकाळी स्वयंपाकघरात मी सराव घेत होतो. छाती काढली, बोट वर केलं आणि गरजलो, "बस!"

शेरू उभाच. आप्पा मात्र हातातल्या चहाच्या कपासकट फरशीवर मधोमध बसले.

"अवो, कुत्र्याचं ऱ्हाऊ दे!" सुजाता ओरडली. "आधी त्यांना उठवा!"

"कसं उठवू?"

"मला काय विचारताय? कोर्स तुम्ही करालाय!"

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. मी शेरूला "ये" म्हटलं की आप्पा यायचे. शेरूला "थांब" म्हटलं की आप्पा थांबायचे, आणि शेवटी "मोकळा!" म्हटलं की चालू लागायचे. शेरू यातलं काहीच करायचा नाही. तो फक्त बिस्किटाच्या वेळेला हजर. एकदा शेरूसाठी खिशातून बिस्किट काढलं तर आप्पांनीही हात पुढं केला. मी दिलं. बिस्किट कपाळाला लावून ते म्हणाले, "थँक्यू, सर."

हसू आलं. मग आणखी एक बिस्किट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

पण खोटं कशाला बोलू, सोय झाली होती! आधी आंघोळीसाठी आप्पांच्या तासभर विनवण्या कराव्या लागायच्या. आता मोरीच्या दारात उभं राहून एक खणखणीत "ये!" दिलं की काम झालं. सुजातानं एकदा ऐकलं.

"बापाला अरे-तुरे करालाय व्हय?"

"मी कुत्र्याला म्हणालोय ते."

"मग कुत्र्याला घाला आंघोळ!"

इकडं परीक्षा जवळ आली. परीक्षेत सगळ्यात अवघड भाग 'थांब'चा. कुत्र्याला गर्दीच्या जागी बसवायचं, थांब म्हणायचं आणि आपण त्याच्या नजरेआड जायचं. सर रोज बजावायचे, "दिलीपराव, थांब म्हटलासा की मोकळा म्हणंपर्यंत ते मुकं जनावर तुमच्या जिवावर हाय. पाऊस येऊ दे, आग लागू दे. सोडवायचं तुम्हीच. ध्यानात ठेवा!" मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी पहिल्या नंबरात होतो.

तर एका रविवारी सकाळी मी सरावासाठी रंकाळा तलावावर गेलो. सुजाताची ड्युटी होती, आप्पांना एकटं ठेवता येईना, म्हणून दोघांनाही घेतलं. एका हातात शेरूचा पट्टा, दुसऱ्या हातात आप्पांचा हात. (कोण कुणाला फिरवतंय, बघणाऱ्यांना कळलं नसावं.) पाण्याकडं तोंड असलेल्या बाकड्यावर आप्पांना बसवलं. चपला खाली काढून ते मांडी घालून बसले. तिथून थोडं पुढं एक दगडी भिंत आहे, भिंतीपलीकडं उतरत्या पायऱ्या. शेरूला मी भिंतीपलीकडं बसवलं. दम भरून ओरडलो, "थांब!" आणि पाठ फिरवून भेळेच्या गाड्यांमागं जाऊन लपलो.

शेरू बाहेर येईना, म्हणजे थांबला! खरंच थांबला! मी मनातल्या मनात नागाळा पार्कात पोचलो. एका बंगल्याच्या गेटवर मालक मला "या या, सर" म्हणत होते...

तेवढ्यात माझ्यासमोरून काहीतरी पिवळं सुसाट गेलं. शेरू! पुढं एक काका स्कूटरवरून चाललेले, स्कूटरच्या हुकाला मटणाची पिशवी. कोल्हापुरात रविवारी सकाळी माणसाच्या गळ्यातली सोन्याची चेन ओढली तर एक वेळ चालेल. शेरूनं पिशवी ओढली.

काका स्कूटर टाकून त्याच्या मागं पळाले, काकांच्या मागं मी. शेरू शिवाजी पेठेच्या बोळात घुसला, बोळातून बाहेर पडला तो थेट फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या मधून. पोरं खेळ सोडून आरडायला लागली, "मार गोल! मार गोल!" शेरूनं दोन बांबूंच्या मधून पिशवी पार नेली. गोल झाला. मैदानभर शिट्ट्या!

"पावणं, कुत्रं तुमचं हाय व्हय?" धापा टाकत काकांनी विचारलं.

"माझं म्हणजे... मी त्याचा ट्रेनर हाय."

"कशाचा? मटण पळवायचा?"

"माफ करा काका, अजून शिकालोय."

"अवो, घरात जावई आलाय आजऱ्यास्नं! काय वाढू त्याला? तुमचं सर्टिफिकेट?"

पोरं खदाखदा हसली. मीही कसंनुसं हसलो. घरात जावई आलाय, हे शब्द कानात घुमत होते. घरात. घरी. आप्पा!

रंकाळ्यापर्यंत मी कसा पळालो ते आठवत नाही. बाकडं रिकामं होतं. बाकड्याखाली आप्पांच्या चपला होत्या, आणि समोर पाणी.

आत्तापर्यंत तुम्ही हसला असाल तर हसलात, पण पुढचं हसण्यासारखं नाही. मी काठावर बसून "आप्पा! आप्पा!" हाका मारायला लागलो, तीही पाण्याकडं बघून. लोक जमले. "म्हातारं व्हय? धोतर?" "न्हाय, पायजमा." "कायतर बुडाल्यागत आवाज आलता मगाशी." "मासा आसंल त्यो." "अग्निशमनला फोन लावा की कोणतरी!" एकानं मोबाइल काढला, फोन लावायला नव्हे, व्हिडिओ करायला.

मी सुजाताला फोन केला. ती ड्युटीच्या कपड्यांतच आली. मला वाटलं, चारचौघांत थोबाडीत देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चपला उचलल्या, पिशवीत घातल्या आणि विचारलं, "घरी बघितलं? त्यांच्या शाळेत?" मग ती रिक्षानं घराकडं गेली, मी शाळेकडं. रविवार, शाळेला कुलूप. शिपाई म्हणाला, सर हिकडं आलंच न्हाईत. महाद्वार रोड झाला, भाजी मंडई झाली. उन्हं डोक्यावर आली. पोलीस चौकीत हवालदारानं विचारलं, "शेवटी कुठं सोडलं होतं त्यांना?" मी म्हणालो, "सोडलं न्हाई हो, बसवलं होतं." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

पुन्हा रंकाळ्यावर आलो तर सुजाताही घर बघून परतलेली, आणि तिच्याजवळ मुजावर सर उभे. त्यांना मीच मघाशी पळता पळता फोन केला होता, कुत्रं सुटलंय म्हणून. वडील हरवलेत, हे ते तिथं आल्यावर त्यांना कळलं.

"कुत्रं कुठं बसवलं होतासा?" सरांनी विचारलं.

"सर, कुत्र्याचं जाऊ दे ओ!"

"कुठं बसवलं होतासा?"

"त्या भिंतीपलीकडं."

"तिकडं बघितलं?"

"तिथनं कुत्रं पळालं की सर! तिथं काय बघायचं?"

सर वळले. भिंतीकडं चालू लागले. मी आणि सुजाता मागं.

भिंतीपलीकडं, शेरूला बसवलं होतं त्याच पायरीवर आप्पा उभे होते. ताठ, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. डोक्यावर रणरणतं ऊन, पायांखाली तापलेला दगड, आणि पाय अनवाणी. पायजमा ओला होऊन तसाच वाळला होता. खाली धुणं धुणारी एक बाई आम्हाला बघून चवताळली. "तुमचं हाईत व्हय आजोबा? कुत्रं पळालं तसं त्याच्या जागंवर येऊन हुबं ऱ्हायल्यात! सकाळधरनं सांगालोय, सावलीत या, पाणी प्या. एक न्हाई का दोन न्हाई! नुसतं म्हणत्यात, सरांनी थांबाय सांगितलंय!"

सुजातानं त्यांचा हात धरला. "आप्पा, चला घरी."

आप्पा हलले नाहीत. ओठ फुटले होते. "सरांनी सांगितलंय," ते म्हणाले.

"आप्पा, मी आलोय," मी म्हणालो. "चला."

नाहीच.

मुजावर सर माझ्या कानाशी आले. आवाज एकदम खाली आणला होता. "शब्द म्हणा की दिलीपराव."

मी म्हणालो, "मोकळे झालात, आप्पा."

काही नाही. त्यांना तो शब्द तसा कुणी शिकवलाच नव्हता. मग वर जमलेल्या सगळ्या माणसांदेखत, ज्या माणसासमोर मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो त्याला मी बोट वर करून म्हणालो, "मोकळा!"

आप्पांचे खांदे खाली आले. पाऊल उचललं आणि ते सुजाताच्या अंगावर कोसळले.

तळपाय पोळले होते. सुजाता कित्येक दिवस मलमपट्टी करत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "ते तुमचं ऐकत होते, कारण दुसरं कुणी त्यांच्याशी एवढं स्पष्ट बोलतच नव्हतं." ते ऐकून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बऱ्याचदा धुतलं.

शेरूला त्याच संध्याकाळी मटणवाले काका स्कूटरवर पुढ्यात बसवून घेऊन आले. त्यांच्याच दारात झोपला होता म्हणे, पोट भरून; पट्ट्यावर माझा पत्ता होता. आप्पांचं कळलं तसे ते मटणाचा विषय न काढता निघून गेले.

आप्पा आता अंथरुणावरच असतात. आता ते कुणाचंच ऐकत नाहीत. मी त्यांना "अहो आप्पा" म्हणतो, तासभर विनवण्या करतो, मग ते चार घास खातात. नाही खाल्ले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

परीक्षेला मी गेलोच नाही. सरांनी शेरूला दुसऱ्या एकाच्या हाती दिलं. शेरू बसला, थांबला, आला, सगळं बिनचूक केलं. मला मात्र पुन्हा पहिल्यापासून कोर्स करायला लावला. सुजाताच म्हणाली, जावा, तेवढा वेळ आप्पांजवळ मी हाय, घरात बसून काय करणार. गेलो. नव्या बॅचला सगळी विशीतली पोरं. सरांनी मला पुढं उभं केलं आणि ओळख करून दिली, "हे आपले सीनियर. ह्यांचं कुत्रं मागच्याच बॅचला पास झालंय."