मायची मालिका

पारोळ्याच्या बसस्टँडवर धुळ्याची गाडी लागली. माझ्या दोन्ही बॅगा आत चढवून झाल्या, तशी माय म्हणाली, "जाऊ का मी? मन्ही सिरियल लागस आते." पोहोचल्यावर फोन कर, एवढं सांगून ती वळलीसुद्धा. मला रागच आला. मुलगी आयर्लंडला निघाली आहे आणि हिला बस सुटेपर्यंत थांबवत नाही. सकाळी अकराला तिची कुठलीच मालिका नसते, हे गाडी गावाबाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात आलं. मग धुळे येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

त्याला चार वर्षं झाली. मी इथे कॉर्कच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. परवा शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सध्या काय वाचताय, काय बघताय? गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, सगळ्याजणींनी दोन ओळींत उरकलं. माझं उत्तर लांबलं, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहिते.

लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी आणली होती. समुद्रकाठी एकटा राहणारा म्हातारा रोज दोन कप चहा करतो, एक पितो आणि दुसरा सिंकमध्ये ओततो. चारशे पानांत याहून फारसं काही घडत नाही, तरी मी ती दोनदा वाचली. शेवटी शेजारी एक बाई राहायला येते आणि दुसरा कप ती पिते. हा मेला शेवट मला पटला नाही. टीव्हीवर केक बनवायच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम बघते. त्यात हरणाऱ्यालाही सगळे मिठी मारतात. आधी त्याची चीड यायची, आता मी त्या मिठीसाठीच बसून राहते. मायला फोनवर सांगते, आम्ही बघतो, फार हसतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा हीटर.

पण खरी रंगली होती ती मायची मालिका. माझा लंच ब्रेक साडेबाराला, तेव्हा तिकडे संध्याकाळ होत आलेली असते. मी सँडविचचा कागद सोडते आणि ती आदल्या दिवशीचा भाग सांगते. व्हिडिओ कॉल लावला तरी फोन असा धरते की मला तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. मालिकेत एक म्हातारी, तिची मुलगी परदेशात. मुलगी रोज फोन करते, दिवाळीला घरी येते, म्हातारी शेजारणी गोळा करून लोणची घालते. माय हे इतकं रंगवून सांगायची की माझं अर्धं सँडविच तसंच राहायचं.

गोष्टी सांगायची आमची सवय जुनी आहे. मायला वाचता येत नाही. उन्हाळ्यात ती गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालायची, तेव्हा मी बाजूला ओल्या लुगड्याच्या सावलीत बसून तिला गावातल्या वाचनालयाचं पुस्तक वाचून दाखवायची. बिबड्याचा घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर थापावा लागतो. एकदा गोष्टीतली सून विहिरीत पडली आणि माय हात तसाच ठेवून रडत बसली. पातेल्यातला घाटा थिजून दगड झाला, सगळी ज्वारी गुरांना घालावी लागली. तेव्हापासून मी शेवट बदलायला लागले. माझ्या सगळ्या सुना विहिरीतून जिवंत वर यायच्या, गेलेले नवरे परत यायचे. मायचे बिबडे पातळ आणि एकसारखे व्हायचे, आणि मला वाटायचं, मी मोठी हुशार.

गेल्या महिन्यात ताप आला म्हणून तीन दिवस घरी होते. मोबाइलवर मायची मालिका शोधली आणि पहिल्यापासून बघत सुटले. त्यातली म्हातारी दिवाळीला एकटीच पणती लावते. मुलगी आलेलीच नाही. लोणच्याच्या बरण्या फडताळात रिकाम्या आहेत, फोन वाजत नाही. मी ते भाग पुन्हा लावून बघितले, माझंच काही चुकतंय का म्हणून. चुकत नव्हतं. मला भीती वाटली. मालिका बदलून सांगणारी बाई स्वतःचं काय काय बदलून सांगत असेल?

कामावर गेल्यावर साडेबाराला फोन लावला. मी म्हटलं, माय, मी मालिका बघितली. पंखा फिरत राहिला. मग ती सावकाश म्हणाली, "तू बी तं शेवट बदलीसनच वाचे. माले माहीत व्हतं."

कसं, म्हणून विचारलं.

"तठे तुन्हा डोया पुस्तकमा नही राहेत. मन्हाकडे राहेत."

गोष्टीचा शेवट आला की माझे डोळे पुस्तकात नसत, तिच्या तोंडाकडे असत. एवढी वर्षं तिला कळत होतं, आणि ती बिबडे थापत होती. मला तिचा चेहरा बघायचा होता आणि समोर कपाळच दिसत होतं. मी म्हटलं, फोन जरा खाली धर. तिने धरला. गाल आत गेले होते. यंदा खूप बिबडे घातले, शेजारीपाजारी वाटले, असं मला तिने उन्हाळ्यात सांगितलं होतं. त्याचं विचारलं.

"औंदा करातच नही मी. एकलीथीन व्हत नही," ती म्हणाली. एकटीच्याने होत नाही. वडील गेल्यापासून घाटा ढवळायला दुसरा हात नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तिने विचारलं, "तू बी खरं सांग. करमस का तुले तठे?"

चार वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आले होते. या वेळी म्हटलं, "नही करमत, माय."

आम्ही दोघी रडलो. थिजायला तिथे काही नव्हतं. मग डोळे पुसून तिने कालचा भाग सांगितला, जसा झाला तसा, मुलगी अजून आली नाही इथपर्यंत. मी तो शेवटपर्यंत ऐकला.

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. कुणी विचारतं, घर कुठे तुझं, पारोळ्याला की कॉर्कला? खरं सांगायचं तर साडेबारा ते एक, तेवढंच माझं घर आहे.