साहेबाच्या मागे

कलेतलं मला ओ की ठो कळत नाही. निवृत्त झाल्यावर हे कबूल करायला हरकत नाही, आता कोणी माझं काय काढून घेणार? तरी बुलढाण्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाचा मी जन्मभर सचिव होतो. आणि ज्यांचा सचिव होतो त्या थोर मंडळींना माझ्याहूनही कमी कळायचं. तबला कोणता नि डग्गा कोणता, हे अध्यक्षांना शेवटपर्यंत उमगलं नाही. उपाध्यक्ष भजन सुरू झालं की मोबाइल काढायचे आणि सत्कार सुरू झाला की खिशात ठेवायचे. यांचा खरा जीव एकाच कलेत, समई पेटवताना कॅमेऱ्याकडे बघण्यात. त्यात मात्र एकेक जण उस्ताद, आणि मी त्यांचा गुरू. पेपरात आलेला फोटो कापून फायलीत लावायचा, हे माझं मुख्य सांस्कृतिक कार्य.

मंडळ दरवर्षी 'ज्येष्ठ कलावंत' अशी सनद द्यायचं. अर्जासोबत पेपरातली कात्रणं जोडायची, हा नियम माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला. कात्रणं असली की कला ऐकायची कटकट नाही. पहिल्याच वर्षी अध्यक्षांच्या साडूला सनद मिळाली. गडी जन्मात कधी गायला नव्हता, पण कात्रणं म्हणाल तर पोतंभर.

एका वर्षी उंद्रीकडची एक म्हातारी अर्ज घेऊन आली. खंजिरीवर भजनं म्हणत गावोगाव फिरलेली बाई. खंजिरी पिशवीत घेऊनच आली होती. बैठकीत ती उभीच राहिली. खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. या वयात सनद कशाला पाहिजे, असं अध्यक्षांनी चहा पिता पिता विचारलं.

"पोरगा म्हन्ते, माय जिंदगीभर उंडारली," ती म्हणाली. "तुमी कागदावर लिवून द्या, का उंडारली नाही, गात होती. मरायच्या आंधी त्याले वाचाले देईन."

मग एक भजन म्हणून दाखवू का, असं तिनं विचारलं आणि पिशवीत हात घातला. अध्यक्ष म्हणाले, गाणं राहू द्या आजी, कागद दाखवा. लाज वाटायला हवी होती. आम्ही माना डोलावल्या.

तिच्याजवळ एकच कात्रण होतं, घड्या घालून घालून विरलेलं. धामणगाव बढ्याला झालेल्या आमच्याच कार्यक्रमाचं. मधे समई, भोवती आम्ही, आणि सगळ्यांच्या पुढे पोट सावरत कॅमेऱ्याकडे बघणारा मी. यात तुम्ही कुठं आहात, अध्यक्षांनी विचारलं. तिनं फोटोतल्या माझ्या सदऱ्यावर बोट ठेवलं.

"अठी. ह्या सायबाच्या मांगं. सायब जराक सरकले असते त दिसली असती."

साहेब समोरच बसलाय हे तिला ओळखू आलं नसावं. किंवा आलंही असेल, देव जाणे. उपाध्यक्ष फिदीफिदी हसले. मला मात्र सगळं आठवत होतं. फोटोवाला उशिरा आला म्हणून आम्ही तिच्या चालू भजनातच उठलो होतो आणि तिच्यासमोर रांग धरून समई पेटवली होती. हो, ही बाई तिथं गात होती, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तरी तिचं काम झालं असतं. नाही बोललो. इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात मीच लिहिलं, 'पुरावा अपुरा'. तिनं कात्रणाची घडी केली, पदराच्या टोकाला बांधली आणि गेली.

गेल्या वर्षी मंडळानं मला निरोप दिला. मंचामागच्या फ्लेक्सवर तोच फोटो, खाली 'कलेसाठी झिजलेलं आयुष्य'. थू त्या झिजण्यावर! वर ज्येष्ठ कलावंताची सनदही दिली, कात्रणं रग्गड होती ना. फोटो भिंतीएवढा केल्यामुळे माझ्या खांद्यामागचा एक हात आता साफ दिसत होता. वर उचललेला, बांगड्यांचा, खंजिरी धरलेला.

सचिव साहेब, फ्लेक्ससमोर या, फोटो घेऊ, अध्यक्ष म्हणाले. मी सनद छातीशी धरली आणि बरोबर त्या हातासमोर जाऊन उभा राहिलो.