गुरुवारचे चार आकडे

अगं पोरी, जरा निवांत बस. पुण्याला दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे मोडतेस, आणि तुझ्या आबांनी आकड्यांवर किती जीव टाकला ते शेजारच्या या अक्काला एकदाही विचारलं नाहीस. शहाणी आहेस! आता मीच लिहून पाठवते. मोबाईल उपडा ठेव आणि वाच.

तुझे आजोबा, आपले आबा, भिंतीवर गणित करायचे. देवपूरची मास्तरकी संपवून अमळनेरजवळ आपल्या गावी आले तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वहीतलं दिसेना, म्हणून घराच्या मागच्या भिंतीवर खडूनं वीत-वीत उंचीचे आकडे काढायचे. येणारा-जाणारा विचारी, "आबा, हाई काय लिखी राह्यनात?" "तुझी कुंडली," म्हणायचे आणि पुढचा हातचा घ्यायचे.

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी दशांश चिन्ह शिकवलं, कोष्टकाचं पुस्तक वाचायला शिकवलं. "अक्का, आधी सरासरी वजा कर," हे त्यांचं पालुपद. "नाहीतर जो सगळ्यात मोठा, तोच दिसत राहतो. बारीक हालचाल कळत नाही." घरात भांडण झालं तरी हेच. तुझे पप्पा तणतणले की म्हणायचे, "सरासरी वजा करून बोल रे."

परसातल्या विहिरीत तुझी आजी, आपली माई, पाय घसरून गेली, तो बाजाराचा गुरुवार होता. त्यानंतर विहिरीचं पाणी आपोआप वर-खाली होतं असं लोक बोलू लागले. "बठ्ठं गाव म्हणस, तठे भूत शे," सगळं गावच तिथं भूत आहे म्हणतं, असं सांगत बाया पाण्याला यायच्या थांबल्या. पप्पा म्हणाले, बुजवून टाकू. आबांना ते सोसेना. म्हणाले, "अठ्ठावीस दिवस दे. पाणी का हलतं ते सांगतो. नाही सांगता आलं तर बुजव."

त्यांचा संशय मळ्यांतल्या पंपांवर होता. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणजे पाण्यात चौदा दिवसांची लाट सापडायला हवी. रोज सकाळी आठला मी विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खाली ते त्यांना सांगायची. "तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही, अक्का," म्हणायचे.

मग भिंतीवर काम सुरू झालं. एक लाट धरायची, रोजच्या आकड्याला त्या दिवशीच्या लाटेच्या उंचीनं गुणायचं आणि बेरीज करायची. तीच लाट थोडी सरकवून पुन्हा गुणायचं. दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवले की ती त्या लाटेची ताकद. लाट पाण्यात खरोखर असेल तर बेरीज फुगते; नसेल तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. अठ्ठावीस दिवसांत एकदा येणारी, दोनदा येणारी, अशा चौदा लाटा. मी कोष्टकातून लाटेची उंची वाचायची, ते गुणायचे. पांढऱ्या खडूनं मिशा माखायच्या.

दुसरी लाट, त्यांची चौदा दिवसांची, जराशीच निघाली. चौथी, म्हणजे सात दिवसांची, मात्र भिंतभर फुगली. मग आठवी, मग बारावी. तिन्ही सारख्याच. आबा भिंतीला नाक लावून उभे राहिले.

"पाणी असं वागत नाही," ते हळूच म्हणाले. "पाणी सावकाश चढतं, सावकाश उतरतं; त्यानं एकच लाट फुगली असती. हे दर सातव्या दिवशी कुणी बोट टोचल्यासारखं आहे." मग गुरुवारच्या आकड्यांवर बोट ठेवून माझ्याकडे वळले. "गुरुवारी टेप कुणी सोडला, अक्का?"

"मीच. दुसरं कोण सोडणार?"

पोरी, गुरुवारी मी पहिल्या एसटीनं बाजाराला जायची. संध्याकाळी येऊन मनानंच आकडा सांगायची. पाणी वर आलंय म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा, म्हणून चारही गुरुवारी वर आलेलंच सांगितलं.

तेवढ्यात पप्पा आले. "काय निघालं, आबा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर गुरुवारचे आकडे खोटे ठरून विहीर वाचली असती, आणि गावात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. "सात दिवस," एवढंच म्हणाले.

पप्पांच्या मागून आलेली गल्लीतली एक म्हातारी पटकन बोलली, "गुरुवार! माईच येस ना मग!" माईच गुरुवारी येते, हे गावानं पक्कं धरलं आणि आठ दिवसांत विहीर बुजवायला मुरमाच्या ट्रॉल्या आल्या. आबा ओट्यावर बसून मुरूम पडताना ऐकत होते. पुढे दोन वर्षं जगले, पण खडू हातात धरला नाही. एकदाच, माझ्या हातचा चहा पिता पिता म्हणाले, "अक्का, कधी जास्त, कधी कमी अशी चूक बेरजेत विरून जाते. एकाच बाजूची चूक विरत नाही." रागावून नाही बोलले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या जागेवर फरशी आहे. तरी गुरुवारी सकाळी आठ वाजले की मला दगडाखालून पाणी चढल्यासारखं वाटतं. मी भुताला मानत नाही. पण त्या वेळी तिकडून जातही नाही.

अठ्ठावीसही आकडे माझ्याकडे उतरवलेले आहेत. गुरुवारचे चार गाळून उरलेले तुझ्या मशीनला घाल, आणि आबांची चौदा दिवसांची लाट खरी होती का ते मला सांग. फोनवर नको, समोर बसून सांग. खरी निघाली तर पप्पांना मी स्वतः सांगेन. धीर धरून बसलेय, पण वय झालं गं माझं. लवकर ये.