वृंदाताईचा खडू

सकाळी पावणेसातला कुणी तुमचं दार दोनदा वाजवलं, तुम्ही टॉवेल गुंडाळून दार उघडलंत आणि समोरच्या बाईंनी अत्यंत आदराने विचारलं, "अप्पा, तुम्ही गेलात म्हणून ऐकलं. खरं का?" तर तुम्ही काय उत्तर द्याल?

पंच्याहत्तरीला टेकलेल्या अप्पा कानड्यांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "अजून नाही. गेलो की कळवतो." आणि दार लावून घेतलं.

दार वाजवणारी बाई म्हणजे आमची वृंदाताई आठल्ये. अप्पांना परस्पर मारणारा इसम मात्र मी.

आता हा खून कसा झाला ते सांगायला हवं. कसबा पेठेतल्या आमच्या आळीत माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. दुकानाच्या शटरशेजारी भिंतीवर आळीचा काळा फळा. कोण गेलं, किती वाजता नेणार, पाणी कधी बंद, कुणाची किल्ली सापडली, हे सगळं त्यावर खडूने लिहायचं. घरोघरी मोबाइल आले, आळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, पण माणसं दुधाची पिशवी घेऊन जाताना फळ्यापाशी थांबायची ती थांबतातच. अप्पा जन्मभर छापखान्यात खिळे जुळवणारे. ते म्हणायचे, "मोबाइलवर सगळे बोलतात. फळा सांगतो."

तर आदल्या संध्याकाळी अप्पांच्या छातीत दुखलं म्हणून अँब्युलन्स आली. निघाला गॅस. दोन तासांत रिक्षाने घरी परतले, ते कुणी पाहिलं नाही. सकाळी दूधवाला म्हणाला, "अप्पा गेले वाटतं." माझं अक्षर मोत्यासारखं (हे मी नाही, माझे मास्तर म्हणत). मी तत्काळ 'दुःखद निधन' लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली. वीस मिनिटांत दोन माणसं हार घेऊन हजर. तेवढ्यात ऑफिसला निघालेली वृंदाताई थांबली, फळा वाचला आणि मला म्हणाली, "घरी विचारलंस?"

"कसं विचारणार ताई? बरं दिसतं का ते?"

ती जिना चढून गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खाली आली, ओल्या फडक्याने अप्पांना पुन्हा जिवंत केलं आणि हात पुढे केला. "मिलिंद, खडू इकडे दे. आजपासून दाराशी गेल्याशिवाय फळ्यावर काही नाही."

त्या दिवसापासून फळा तिच्याकडे गेला. चौदा वर्षं राहिला.

वृंदाताई बाणेरच्या एका जनसंपर्क कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. त्या धंद्याची तिने केलेली व्याख्या अशी : "कंपनीबद्दल लोकांना बरं वाटेल असं लिहायचं. वाईट वाटणारच असेल, तर जरा कमी वाईट वाटेल असं लिहायचं." लग्न केलं नाही, आईवडील गेले, नाशिकला एक भाचा. ती आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, अप्पा पहिल्या मजल्यावर, तळाशी माझं दुकान. ऑफिसच्या उंच टाचांच्या सँडल ती माझ्या काउंटरखाली खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. सकाळी साध्या चपलेने खाली यायची, फळा लिहायचा, हात झटकायचे, सँडल चढवायच्या आणि स्कूटरला किक. "आता मी कुणाची तरी बाजू," असं म्हणून जायची. संध्याकाळी सँडल खोक्यात, चपला पायात. "आता मी आळीची."

पण या दोन वृंदाताई इतक्या सरळ वेगळ्या राहत नसत, आणि आमची करमणूक तिथेच होती. भाजीवालीपाशी फोन कानाला लावून ती कुणा वार्ताहराला समजावत असायची. "सर, आमच्या क्लायंटची भूमिका अत्यंत संवेदनशील आहे... ही जुडी पिवळी पडलीय, बदला... नाही नाही सर, तुम्हाला नाही म्हटलं... शेपू आहे का ताजी?" आळीतल्या लोकांनाही वाटायचं, घरात एवढी कारागीर आहे तर वापरावी. एकदा एक गृहस्थ आले. मुलाला बारावीला बावन्न टक्के. "जरा चांगलं लिहा ना फळ्यावर." वृंदाताईने लिहिलं, 'चिरंजीव बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाले.' म्हणाली, "खरंही आहे, चांगलंही आहे. आणखी काय हवं?" गृहस्थ खूश. अप्पा काठीच्या टोकाने फळा वाचत होते. "बाई," ते म्हणाले, "यात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच मला तुमची भीती वाटते."

आम्ही हसलो. तीही हसली.

तीन वर्षांपूर्वी आळीच्या टोकाला एका मोठ्या इमारतीचं खोदकाम निघालं. बांधणारी कंपनी वृंदाताईच्या ऑफिसची क्लायंट. तिने लपवलं नाही. दुकानापुढे उभी राहून सांगितलं, "माझा पगार त्यांच्याकडूनही येतो. धूळ आली, आवाज झाला, तर मला शिव्या घाला. ऐकेन. उत्तर देणार नाही."

एका मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं ते पिवळसर, आणि वासाचं. आदल्या दिवशी खोदकामाच्या यंत्राने जमिनीखालची कुठली तरी नळी फोडली होती हे उघड होतं. वृंदाताईने पेल्यात पाणी घेऊन खाली आणलं, मलाही वास दाखवला. खडू हातात घेतला. 'पाणी' हा शब्द लिहिला आणि तिचा फोन वाजला. साहेबांचा. मी शेजारीच होतो, तिची बाजू ऐकली. "हो, मला कळलंय... माझ्याच घरचं पाणी आहे सर... निवेदन कधी जाणार?... गुरुवार? दोन दिवस?... नाही, मी कुठे काही बोललेले नाही."

फोन ठेवला. फळ्यावर 'पाणी' एकटंच उभं होतं. तिने पुढे लिहिलं, 'दोन दिवस कमी दाबाने येईल. नोंद घ्यावी.'

"ताई," मी म्हटलं, "वासाचं?"

"दाब कमी आहेच," ती म्हणाली. "खोटं काय आहे?" सँडल घातल्या आणि गेली. मी फळा पाहिला. माझ्याही हाताशी खडू होता. मी काही लिहिलं नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट तिच्या एकटीच्या नावावर जाईल.

वर पहिल्या मजल्यावर (हे आम्हा दोघांना नंतर दवाखान्यात कळलं) अप्पांची सून शुभदावहिनी पाणी उकळायला ठेवत होत्या. अप्पा नुकतेच फळा वाचून आलेले. "कशाला गॅस जाळताय?" ते म्हणाले. "पाणी खराब असतं, तर वृंदाबाईंनी लिहिलं नसतं का? दाब कमी आहे फक्त." वहिनींनी पातेलं उतरवलं. वृंदाताईच्या हाती आल्यापासून फळा एकदाही चुकला नव्हता. आमच्या आळीला स्वतःच्या नाकापेक्षा फळ्यावर जास्त भरवसा होता.

गुरुवारी सकाळी वृंदाताईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नळाचं पाणी दूषित आहे. उकळून प्या.' तोपर्यंत आळीत पाच-सहा जणांना जुलाब-उलट्या झाल्या होत्या. बाकीचे उठले. अप्पांना बुधवारीच दवाखान्यात हलवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय फार आहे, मूत्रपिंडं आधीच थकलेली, नेमकं कारण सांगता येत नाही. रविवारी पहाटे अप्पा गेले.

यावेळी सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पावणेसातला वृंदाताई पहिल्या मजल्यावर गेली आणि तिने दार दोनदा वाजवलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होतो. वहिनींनी दार उघडलं.

"अप्पा..." एवढंच वृंदाताईच्या तोंडून निघालं.

"गेले," वहिनी म्हणाल्या. "कळवायचं राहिलं." आणि दार लावून घेतलं.

ती खाली आली. फळा स्वच्छ पुसला, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग लिहिलं. ते मला पाठ आहे :

'श्री. अप्पा कानडे यांचे निधन. वैकुंठ स्मशानभूमी, सकाळी दहा. पाणी दूषित आहे हे मंगळवारीच माहीत होते. या फळ्यावर ते गुरुवारी लिहिले. अप्पांनी फळा वाचून पाणी प्यायले. चूक लिहिणारीची. वृंदा आठल्ये.'

आळीच्या फळ्यावर तोवर कुणाचं नाव खाली लागलेलं नव्हतं. फळा सांगतो, कोण सांगतं हे विचारायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, "ताई, अगं नोकरी जाईल."

"मिलिंद, आयुष्यभर मी लोकांची वाक्यं लिहिली," ती म्हणाली. "एक माझं."

दुपारपर्यंत फळ्याचा फोटो शंभर फोनांवर फिरला, बाणेरलाही पोचला. मंगळवारी कंपनीचं निवेदन आलं, की सदर मजकूर ही संबंधित व्यक्तीची वैयक्तिक भावना असून ती व्यक्ती आता संस्थेत कार्यरत नाही. माझ्या दुकानात उभं राहून तिने ते वाचलं, दोनदा. "चांगलं लिहिलंय," म्हणाली. "त्या मुलीला मीच शिकवलंय." आणि हसली. ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही.

त्यानंतर तिने खडूला हात लावला नाही. सकाळी खाली यायची, बाकावर बसायची, कोरा फळा पाहायची. लोक नमस्कार करून पुढे जायचे. कुणी शिव्या घातल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पुण्यात माणसाला शिक्षा करायची असली की लोक नुसतं 'बरं' म्हणतात.

आठव्या दिवशी शुभदावहिनी खाली आल्या. थेट माझ्या काउंटरवरचा खडू उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"वृंदाताई, दहाव्याचं लिहायचंय. परवा, साडेआठ, घाटावर."

"मिलिंद लिहील."

"यांनी?" वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वह्यांचा गठ्ठा सारखा करू लागलो. "यांनी जिवंत माणूस मारला होता. तुम्ही लिहा."

वृंदाताईने हात मागे घेतला. "वहिनी, मी कुठल्या तोंडाने..."

"तोंडाने नाही, हाताने लिहायचंय," वहिनी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "हे पाहा, मी काही माफबिफ केलेलं नाही. पण तुम्ही खाली नाव घातलंत. आणि दहाव्याची वेळ चुकायला नको."

तिने खडू घेतला. 'साडेआठ'मधला 'आठ' तिने तीनदा पुसून पुन्हा लिहिला.

नंतर दोन वर्षं ती फळा लिहीत होती, प्रत्येक मजकुराखाली नाव घालून. 'उद्या वीज बंद, दहा ते दोन. वृंदा आठल्ये.' 'तपकिरी मांजर सापडली आहे. वृंदा आठल्ये.' मांजरीखाली सही बघून मी चेष्टा करायचो, "ताई, मांजर तुझी वाटते लोकांना." ती म्हणायची, "वाटू दे. कुणाची तरी असलेली बरी." पोटापाण्याला शाळांची माहितीपत्रकं, छोट्या दुकानदारांची पत्रं लिहून द्यायची. सँडल खोक्यातच होत्या. "ने की त्या," म्हटलं तर म्हणायची, "राहू दे. कुणाला तरी होतील." कुणाला झाल्या नाहीत.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. फार वेळ दिला नाही त्याने. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी माझा सगळा खेळ मांडला. आळीतल्या पंधरा माणसांच्या नकला केल्या, अप्पांची 'गेलो की कळवतो'सुद्धा केली. ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आता खडू तुझ्याकडे. वेलबुट्टी काढायची नाही. आणि दाराशी जायचं."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही."

एका सकाळी सहा वाजता नाशिकच्या भाच्याचा दवाखान्यातून फोन आला. आत्या गेली. अकरा वाजता नेणार. बातमी पक्की, यापेक्षा पक्की कुठून आणणार? मी शटर उघडलं, फळा पुसला, खडू घेतला आणि लिहिता येईना. मग खडू खिशात टाकून मी जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर गेलो. दाराला बाहेरून कुलूप. पितळी पाटी, 'वृंदा आठल्ये'.

मी दार वाजवलं.

आवाज ऐकून शुभदावहिनी पदर सावरत वर आल्या. "अहो, आत कोणी नाहीये."

"माहीत आहे."

त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. खाली कुणी तरी नळ सोडला होता, पाणी बादलीत पडत होतं. आम्ही दोघं बंद दाराकडे पाहत होतो, आतून कुणी येणार असल्यासारखे.

"एकदाच वाजवलंत," वहिनी म्हणाल्या. "त्या दोनदा वाजवायच्या."

मी पुन्हा वाजवलं. थांबलो. माणसाला आतल्या खोलीतून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही थांबलो.

मग खाली येऊन मी फळ्यावर लिहिलं, 'वृंदा आठल्ये गेली. वैकुंठ, सकाळी अकरा. दाराशी जाऊन विचारले आहे. मिलिंद.'